कुणाची हरकत?

छापखान्याची खिडकी उघडायची असली तरी पवारमामा आधी विचारायचे, “उघडतो. कुणाची हरकत?”

आता सांगा, वर पत्रा, आत शाईचा आणि रॉकेलचा वास, कोपऱ्यात ट्रेडल मशीनची धडधड, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. असल्या खोलीत खिडकी उघडायला कोण कशाला हरकत घेईल? पण मामा कडीला हात लावून थांबायचे, आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचे, आणि कुणीतरी “उघडा की हो!” म्हणून खेकसलं की मगच कडी काढायचे. जेवताना कांदा फोडायचा असला तरी तेच. रेडिओ लावायचा असला तरी तेच. मी तिथं प्रुफं वाचायला होतो, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. एकदा वैतागून मी म्हणालो, “मामा, आता श्वास घ्यायचा तर तोही आम्हाला विचारून घ्या.”

“विचारून केल्यालं बरं असतंय मास्तर,” ते म्हणाले, “मागनं कोण बोलत न्हाय.”

मागनं बोलत नाही म्हणे! ह्या माणसाबद्दल लोक जन्मभर मागनंच बोलले.

पवारमामा आमच्या छापखान्यातले जुळारी. म्हणजे शिशाचे एकेक अक्षराचे खिळे खणातून उचलायचे आणि ओळीत बसवायचे, हे त्यांचं काम. काळे, ठेंगणे, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं अस्सल कोल्हापुरी. तांबडा रस्सा वाटीनं नव्हे, पातेल्यानं प्यायचे. कुस्तीचं मैदान असलं की त्या दिवशी दुपारनंतर मामा शोधूनही सापडायचे नाहीत. पूर्ण नाव दिनकर शमुवेल पवार. ह्यातलं पहिलं आणि शेवटचं नाव ऐकून माणसं त्यांच्याजवळ सरकायची, आणि मधलं ऐकून परत मागं व्हायची. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की पुढचं संभाषण मला पाठ झालं होतं.

“पवार म्हंजे कुठलं पवार?”

“मंगळवार पेठेतलं.”

“न्हवं, वडलांचं नाव काय?”

“शमुवेल.”

मग पत्रिका छापायला आलेला पाहुणा उगीच टोपी सारखी करायचा. “अस्सं. मग तुमी ख्रिश्चन कधी झालासा?”

“मी झालो न्हाय. जन्मलोच.”

“मग वडील झाले आस्तील.”

“त्ये बी जन्मलेच.”

“मग आजा?”

“त्याचं काय सांगू पावणं, तवा मी हजर न्हवतो.”

आम्ही हसायचो. मामा हसायचे नाहीत. खाली मान घालून पुढचा खिळा उचलायचे. एकदा एकजण फारच खोलात शिरला. मूळचे कोण, कुठले, मिशनकडनं काय मिळालं म्हणून झालात, दुधाची भुकटी का गव्हाची पोती. मामांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, “हे बगा, माजा बाप हितं पुरलाय, आजा हितं पुरलाय. तुमची माणसं तुमी जाळून पंचगंगेत सोडली, ती कवाच वाहून खाली गेली. आमची अजून हितंच हायती. आता मूळचं कोण, तुमीच सांगा.”

पाहुणा तडक उठला. तो पत्रिका न छापताच गेला आणि मालक आप्पा मामांवर डाफरले. पुढं मामांनी हे उत्तर पुन्हा दिलं नाही. मला म्हणाले, “मूळ इचारत्यात म्हंजे जात इचारत्यात, मास्तर. सांगितली तरी तिढा, न्हाय सांगितली तरी तिढा. कटाळा आला.”

हा ‘कटाळा’ शब्द त्यांच्या तोंडात नेहमी असायचा. राग नाही, रडगाणं नाही. दिवसभर उभं राहिल्यावर माणूस पाय दुखतात म्हणतो, तितक्या साधेपणानं ते कंटाळा आला म्हणायचे.

नाताळची तर वेगळीच गंमत. डिसेंबर लागला की आमच्या छापखान्यात सगळ्यांना केकची आठवण व्हायची. पहिल्या वर्षी मामांनी डबा आणला. उघडला तर आत करंज्या, शेव, चिवडा आणि रव्याचे लाडू. रूथकाकूंच्या, म्हणजे मामांच्या बायकोच्या हातचे. करंज्या अशा खुसखुशीत की काय सांगू! पण मशीनवाला बाबू तोंड वाकडं करून म्हणाला, “आँ! हे तर दिवाळीचंच हाय की. केक कुठं हाय?”

“आमच्यात हेच करत्यात,” मामा म्हणाले.

“असं कसं? ख्रिश्चन न्हवं तुमी?”

झालं. नुसता बाबूच नाही, आप्पाही तेच म्हणाले, शेजारचा सायकलवालाही तेच म्हणाला. जणू ह्या माणसानं आमची फसवणूकच केली होती. दुसऱ्या वर्षीपासून मामा बेकरीतून एक केक आणायला लागले, वर गुलाबी साखरेचं फूल असलेला. आम्ही सगळे खूश. मी विचारलं, “मामा, घरी काय केलंय?” तर हळूच म्हणाले, “घरात करंज्या. केक आमच्यात कोण खात न्हाय, रूथला त्येच्या वासानं मळमळतंय. तुमास्नी ख्रिश्चन वाटायला पायजे म्हणून आणतोय.” आणि मला एकट्याला कागदात गुंडाळून दोन करंज्या दिल्या. ते नंतर दर वर्षीचं झालं.

इंग्रजीचंही तसंच. आप्पांकडं कुठलं इंग्रजी पत्र आलं की ते पहिल्यांदा मामांकडं जायचं. मामांना इंग्रजी औषधालाही येत नव्हतं. त्यांची प्रार्थना मराठी, गाणी मराठी, चर्चला म्हणायचे देऊळ. “रविवारी देवळात गेलतो,” असं ते म्हणाले की नवा माणूस हमखास विचारायचा, “कुठल्या देवळात? अंबाबाईच्या?” मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पण कामाला बसले की मामांचा कंटाळा कुठच्या कुठं जायचा. लग्नसराईत आमच्याकडं पत्रिकांची झुंबड. मजकूर घेऊन कुणी आलं की मामांचा पहिला प्रश्न, “वर कोण?” म्हणजे पत्रिकेच्या डोक्यावर कुठल्या देवाचं नाव घालायचं. ‘श्री गणेश प्रसन्न’ तर सगळ्यांच्यातच. त्याखाली कुणाचा जोतिबा, कुणाची अंबाबाई, कुणाचा खंडोबा. ह्या ओळी मामांनी कायमच्या जुळवून, दोऱ्यानं बांधून एका फळीवर ठेवल्या होत्या. काम झालं की रॉकेलनं पुसून, फडक्यानं कोरड्या करून परत जागेवर. इतर मजकूर मोडून खिळे खणात जायचे, देव मात्र मामांनी कधी मोडले नाहीत. एका म्हातारबांनी हे बघून विचारलं, “तुमाला चालतंय व्हय हे, आमच्या देवास्नी हात लावाय?”

“मला चालतंय,” मामा म्हणाले, “तुमची हरकत न्हाय न्हवं?”

म्हातारबा मनापासून हसले. “आमची कसली हरकत! झ्याक छापा म्हंजे झालं.”

असे दिवस होते ते. टोचून बोलायचे, पण हसायचे.

मग हवा बदलली. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. लांबलांबच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. कुठं प्रार्थनाघर मोडलं, कुठं कुणाला मारलं. आमच्या कोल्हापुरात तसं काही झालं नाही, पण माणसांची बोलायची रीत बदलली. आधी “काय मामा, बाटवता का आमाला?” असं बाबू चेष्टेनं म्हणायचा. आता तेच वाक्य न हसता विचारणारे निघाले. मामा कुणाच्या आजारपणात भेटायला गेले की परत येताना गल्लीच्या तोंडाशी पोरं विचारायची, “काय काम हुतं?” मामांनी हळूहळू जाणंच बंद केलं. बाबूचा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा सुद्धा गेले नाहीत. माझ्याबरोबर मोसंबी पाठवून दिली.

त्याच सुमाराला छापखान्यात कॉम्प्युटर आला. खिळे वजनावर भंगारात गेले. मामांच्या फळीवरचे सगळे देवही पोत्यात गेले. मामा बघत उभे होते. पोतं टेम्पोत चढवताना हमाल म्हणाला, “लई जड हाय हो.” मामा म्हणाले, “असणारच की.” त्यानंतर आप्पांनी त्यांना काउंटरवर बसवलं, पत्रिका घ्यायच्या-द्यायच्या कामाला.

आणि तिथंच ते प्रकरण झालं. एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका आमच्याकडं होत्या. छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी चारपाच पोरं गठ्ठा आपटत आत आली. पत्रिकेवर ‘श्री गणेश प्रसन्न’ नव्हतं. कॉम्प्युटरवाल्यानं मजकूर वर सरकवताना ती ओळ उडवली होती. तो स्वतःच पुढं येऊन म्हणाला, माझी चूक झाली, परत छापून देतो. पण ऐकतंय कोण?

“हितं त्यो ख्रिश्चन हाय न्हवं? त्येनंच मुद्दाम काढलंय!”

मी काउंटरवर हात आपटला. म्हणालो, “अरे शहाण्यांनो, ह्या माणसानं तुमच्या बापांच्या लग्नात गणपती स्वतःच्या बोटांनी बसवलाय. त्याला कॉम्प्युटर सुरू कसा करायचा ते ठाऊक नाही!” पण माझ्या ओरडण्याला विचारतो कोण. आप्पांनी हात जोडले, पत्रिका फुकट छापून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ती पोरं गेली. ती गेल्यावर आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, “मामा, तुमी आजपास्नं आत बसा. बाइंडिंगला.”

“का? कुणाची हरकत हाय?”

“हरकत कुणाची न्हाय हो. पन…”

मामांनी टोपी उचलली आणि आत गेले. आत खिडकी नव्हती.

ह्यानंतर वर्षभरात करुणाचं लग्न ठरलं. करुणा मामांची एकुलती एक पोरगी, नर्सरीच्या शाळेत शिकवायची. मुलगा मिरजेचा, चांगल्या नोकरीतला. मामांची एकच इच्छा होती. लग्न कोल्हापुरात व्हायला पाहिजे. स्वतःच्या देवळात लग्न, आणि संध्याकाळी पेठेतल्या कार्यालयात जेवण, सगळी गल्ली आणि सगळा छापखाना पंगतीला. “माज्या लग्नाला अख्खी पेठ हुती मास्तर,” ते सांगायचे, “आप्पांचे वडील सोता वाढायला हुते.” कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून ‘कटाळा’ हा शब्द आला नव्हता.

पत्रिका अर्थात आमच्याकडंच. मी मुद्दाम विचारलं, “काय मामा, वर कोण?”

ते घुटमळले. म्हणाले, “वर काय घालायचंच न्हाय असं ठरवलंय. नुस्तं दोघांचं नाव आणि जागा. उगं कशाला?”

करुणा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “बाबा, जन्मभर सगळ्यांचे देव वर घातलेत. आपला तेवढा कशाला लपवायचा?”

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, “घाला मास्तर.” वर एक छोटासा क्रूस आला, खाली ‘प्रभू येशू ख्रिस्ताच्या कृपेने’. पत्रिका मोठी देखणी झाली होती. पहिली पत्रिका मामांनी आप्पांच्या हातात दिली, दुसरी मला.

तिसरी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला द्यायला गेले, आणि संध्याकाळी निरोप आला की तारीख देता येत नाही.

मी मामांना घेऊन तसाच गेलो. व्यवस्थापक माझ्या ओळखीचा होता. आधी म्हणाला दुरुस्ती काढलीय, मग म्हणाला तारखेत घोळ झालाय. मी आवाज चढवला तेव्हा खरं बोलला. “माजं काय न्हाय हो. मी बुकिंग घेतलं तवा नुस्तं पवार म्हणून घेतलं. आता पत्रिका बगून पोरं येऊन गेली. म्हणत्यात, लग्नाच्या नावाखाली सभा हाय, माणसं गोळा करून बाटवणार. उद्या खुर्च्या मोडल्या तर मी मालकाला काय सांगू?”

“अहो, जेवायला तांबडा-पांढरा आहे!” मी ओरडलो. “तांबडा रस्सा पिऊन कोण बाटलंय आजवर कोल्हापुरात? ह्यांच्या बापजाद्यांची हाडं ह्या गावात आहेत. आणि तू कोण रे—”

मामांनी माझी बाही धरली. “चला मास्तर,” म्हणाले, “त्यांची हरकत हाय.”

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना पहिल्यांदा मिळालं होतं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. मला त्यांचाच राग आला. रस्त्यानं मी तावातावानं बोलत होतो, पोलिसात जाऊ, पेपरात देऊ. मामा म्हणाले, “आणि मग लग्नाच्या दिवशी काय, बंदोबस्तात अक्षता? पोरीचं लग्न हाय मास्तर. मोर्चा न्हाय.”

त्यांच्यात एक पद्धत आहे. लग्नाआधी लागोपाठ तीन रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर ते लग्न जाहीर करतात. तिसऱ्या रविवारी मामा मला म्हणाले, “चला माज्यासंगं. कोणतरी आपलं असूंदे.” मी पहिल्यांदाच आत गेलो. चपला काढाव्यात की नाही ते कळेना, म्हणून मामांकडं बघून केलं. पेटीवर गाणी झाली. चाली आपल्याच, भजनाच्या. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मग पाळक, म्हणजे त्यांचे पाद्री, पुढं आले आणि त्यांनी करुणाचं आणि मुलाचं नाव वाचलं. म्हणाले, “ह्या दोघांच्या विवाहास कोणाची हरकत असेल, तर त्याने ती आत्ताच सांगावी.”

आणि थांबले.

मी मामांकडं बघितलं. हे होय! माणूस लहानपणापासून हे ऐकत आला असणार, आपल्या माणसांत. विचारायचं, थांबायचं, सगळ्यांची तोंडं बघायची, आणि मग बिनघोर पुढं जायचं. हीच रीत तो आमच्यात घेऊन आला होता, आणि आम्ही त्याची टिंगल केली होती.

सगळं देऊळ गप्प होतं. कुठंतरी एक म्हातारी खोकली. बाहेर रस्त्यावर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला आणि मामांनी गर्रकन मागं वळून दाराकडं बघितलं. एकटे मामाच नाही, पुष्कळांनी बघितलं. दारात कुणी नव्हतं. मोटारसायकली निघून गेल्या. पाळकांनी “आमेन” म्हटलं, पण मामा मागंच बघत राहिले.

उपासना संपल्यावर मुलाच्या वडिलांनी अंगणातच सांगितलं, “पवार, आपण मिरजेत करू. आमच्याकडं आवार मोठं हाय, आपलीच वस्ती हाय.” मामांनी एकदा देवळाकडं वळून बघितलं. मग होकारार्थी मान हलवली. रूथकाकू पदरानं डोळे टिपत होत्या, करुणा खाली बघत होती. मामा पोरीला त्या पत्रिकेवरून चकार शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर.

मिरजेतलं लग्न चांगलं झालं. मांडव मोठा, जेवण भरपूर. चर्चमध्ये पुढची दोन बाकं मामांनी धरून ठेवली होती, कुणाला बसू देत नव्हते. “कोल्हापूरची माणसं येणार हायती,” असं सांगत होते. त्या दोन बाकांवर मी आणि बाबू असे दोघेच बसलो. आप्पांनी सीझनचं कारण सांगून माझ्याजवळ साडी पाठवली होती. गल्लीतलं कुणीच नव्हतं. बाबू जरा पसरून बसला, मीही पसरून बसलो, पण दोन माणसं किती पसरणार? पाळकांनी तिथं परत विचारलं, कुणाची हरकत आहे का. बाबू माझ्या कानात म्हणाला, “मास्तर, मामा आपल्याकडं का बगाय लागल्यात?” मी मान खाली घातली. 

त्यानंतर मामा दोन-तीन वर्षं बाइंडिंगच्या खोलीत बसून कागदाच्या घड्या घालत राहिले. डिसेंबरात केक आणणं त्यांनी बंद केलं. बाबूनं विचारलं तर म्हणाले, “कटाळा आला.” करंज्या मात्र मला शेवटपर्यंत मिळाल्या, आणि करुणाच्या लग्नाला हजर होता म्हणून बाबूलाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेठेतलं घर मोकळं केलं. रूथकाकू सामानाबरोबर टेम्पोतून आधीच मिरजेला गेल्या होत्या. मी मामांना सोडायला स्टँडवर गेलो.

त्यांच्या गुडघ्याला लाल माती लागलेली होती. मी बघतोय हे बघून म्हणाले, “सकाळी जाऊन आलो. बापाला आणि आज्याला सांगून आलो, जातोय म्हणून. इचारलं, हरकत न्हाय न्हवं?”

“मग?”

“काय बोलले न्हाईत. म्हंजे नसंल.”

मी हसायचा प्रयत्न केला. मग राहवलं नाही, म्हणालो, “मामा, माझी आहे हरकत. नका जाऊ.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले, पण हात खांद्यावरच्या पिशवीवरून हलला नाही. “तुमी लई उशिरा सांगितलासा मास्तर,” ते म्हणाले, आणि गाडीत चढले.

मी खाली उभा राहून काचेतून बघत होतो. मामांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले, गळ्याला मफलर. त्यांनी मामांना काहीतरी विचारलं. नाव-गाव असणार, दुसरं काय? मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावले, आणि ना ह्या कडेला ना त्या कडेला बघता एका झटक्यात काच सरकवली. मफलरवाले हात हलवून काहीतरी बोलायला लागले, वारं लागतंय म्हणत असतील. गाडी सुटली, स्टँडच्या बाहेर वळली, तरी ते बोलतच होते. मामांनी काच लावली नाही.